नाव उसनं, सूर खरा

गास्ताँ लरूच्या ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ या कादंबरीतलं, पॅरिसच्या ऑपेरागृहाच्या तळघरात राहणारं भूत महिन्याला वीस हजार फ्रँक पगार मागतं, पाच नंबरचा बॉक्स कायम आपल्यासाठी राखून ठेवायला लावतं आणि व्यवस्थापकांना धाडलेल्या पत्रांखाली ‘ऑपेराचं भूत’ अशी चक्क सही ठोकतं. पगार आहे, राखीव जागा आहे, सही आहे. नाव तेवढं नाही. बरीच पानं उलटल्यावर कुठे तिथली तरुण गायिका क्रिस्तीन हिच्या तोंडून ‘बिचारा एरिक’ असे शब्द निसटतात, आणि तेही पडद्याआड लपलेल्या माणसाच्या कानावर पडतात म्हणून आपल्याला कळतात.

ही कादंबरी १९०९ च्या सप्टेंबरपासून १९१० च्या जानेवारीपर्यंत ‘ल गोल्वा’ या पॅरिसच्या दैनिकात क्रमशः आली आणि १९१० मध्येच पुस्तक म्हणून निघाली. मी ती आधी इंग्रजीत वाचली होती, १९११ चा जुना अनुवाद. पहिलं वाचन गोष्टीसाठीच असतं. भूत कोण, मुलगी सुटते का, एवढंच बघायचं असतं. पण पुस्तक मिटल्यावर एक गोष्ट डोक्यातून जाईना. लरू मुळात पत्रकार. तो कुठेही ‘तिने एक सुंदर गाणं म्हटलं’ असं मोघम लिहीत नाही. कुठला ऑपेरा, कुठला प्रवेश, कुठली ओळ, सगळं नावानिशी सांगतो. वाचकाला घाबरवायला निघालेला माणूस एवढी नोंद ठेवतोय, तर त्यामागे काहीतरी असणार.

म्हणून दुसरं वाचन सावकाश करायचं ठरवलं. एक वही घेतली. डाव्या पानावर माणसांची नावं, उजव्या पानावर संगीत. नियम एकच: जिथे एखाद्या रचनेचं नाव येईल तिथे पुस्तक पालथं घालायचं, ती रचना हेडफोन लावून ऐकायची, तिचे शब्द शोधून वाचायचे आणि मगच पुढे सरकायचं. फ्रेंच मला मोडकंतोडकं येतं, त्यामुळे अडेल तिथे मूळ फ्रेंच पानही उघडायचं. आलाप-ताना ऐकत वाढलेल्या कानाला ऑपेरा सुरुवातीला किंचाळल्यासारखा वाटतो, हे आधीच सांगून ठेवते. दोन-तीन संध्याकाळी गेल्या की कान बसतो.

डावं पान पटकन भरलं. एरिकच्या नावापुढे मात्र बराच वेळ रेंगाळले. नावांचे अर्थ देणाऱ्या कोशांत ‘एरिक’चा अर्थ सापडतो: जुन्या नॉर्स भाषेतलं नाव, ‘सदैव राज्य करणारा’ अशा अर्थाचं. तळघरात स्वतःचं राज्य थाटून बसलेल्या माणसाला हे फिट्ट बसतं, आणि तिथेच समाधान मानायचा मोह होतो. मी ते वहीत लिहिलं आणि खोडलं. कारण कादंबरीतच क्रिस्तीन त्याला विचारते की एरिक हे नाव तर स्कँडिनेव्हियातलं, तू तिकडचा का? तो म्हणतो, मला नाव नाही, देश नाही, एरिक हे नाव मी योगायोगाने घेतलं. पुढे कळतं की तो रुआंजवळच्या एका गवंड्याचा मुलगा. चेहरा असा की बापाने कधी पाहिला नाही, आईने पहिली भेट दिली ती मुखवट्याची. त्या आईने त्याला काय नावाने हाक मारली, हे लरू सांगतच नाही.

आता, विचारणारी क्रिस्तीन स्वीडिश आहे. उप्सालाजवळच्या खेड्यात जन्मलेली, परक्या शहरात बापाच्या आठवणींवर जगणारी पोर. तिच्यापुढे आलेला माणूस जे नाव सांगतो ते नेमकं तिच्या मायदेशातलं, आणि वर म्हणतो, योगायोग. हाच माणूस महिनोन्‌महिने तिला आपण देवदूत असल्याचं भासवत आलेला आहे. त्याच्या ‘योगायोगा’वर माझा काडीचा विश्वास नाही. नाव हाही मुखवटाच आहे, आणि तो तिच्या मापाने बेतलेला आहे. अर्थात लरू हे कुठे म्हणत नाही. नावाचा कोशातला अर्थ शोधण्यापेक्षा ते नाव कुणाच्या कानाला कसं लागेल हे बघितलं की जास्त हाती लागतं, एवढं मात्र मला या पानावर कळलं.

पर्शियन गृहस्थाचंही तेच. एरिकचा भूतकाळ जाणणारा, शेवटची कितीतरी प्रकरणं स्वतःच्या तोंडून सांगणारा हा माणूस पुस्तकभर ‘पर्शियन’ म्हणूनच वावरतो. एरिक त्याला हाक मारतो ती हुद्द्याने, ‘दारोगा’. इंग्रजी वाचकाला तिथे टीप लागते. आपल्याला लागत नाही. एरिकच्या हातात जो फास असतो त्याला कादंबरी ‘पंजाबचा फास’ म्हणते आणि ती विद्या तो हिंदुस्थानात शिकल्याचं सांगते. त्या काळच्या युरोपीय भयकथांत काहीही विचित्र असलं की ते आपल्याकडून आलेलं असायचं, त्यातलाच हा प्रकार. हसून पुढे जायचं.

क्रिस्तीन दाएच्या नावामागे एक खरी गायिका असावी असं पुष्कळ अभ्यासक मानतात: क्रिस्टिना निल्सन, जन्म १८४३, स्वीडन. शेतकऱ्याघरची मुलगी, लहानपणी जत्रांमधून व्हायोलिन वाजवत गाणारी. कादंबरीतल्या क्रिस्तीनचा बापही जत्रांमधून व्हायोलिन वाजवतो आणि पोर गाते. फ्रेंच संगीतकार गूनोचा ‘फाउस्ट’ हा ऑपेरा १८६९ मध्ये पॅरिस ऑपेराच्या रंगमंचावर पहिल्यांदा आला तेव्हा नायिका मार्गरीतची भूमिका निल्सननेच केली होती. कादंबरीतली क्रिस्तीनही मार्गरीत म्हणूनच उजेडात येते आणि मार्गरीत म्हणूनच गायब होते. एवढं जुळल्यावर ‘क्रिस्तीन म्हणजे ख्रिस्ताची’ वगैरे अर्थ काढायची फारशी गरज उरत नाही. तरी तो विचार मी पेन्सिलीने लिहून ठेवला होता, आणि पुढे एका ठिकाणी तो कामाला आला.

या पानावरची मला सर्वांत आवडलेली जोडी मात्र वेगळीच आहे. क्रिस्तीनचा बाप तिला एक गोष्ट सांगायचा. त्या गोष्टीतली मुलगी म्हणजे छोटी लोट. ती सगळ्याचा विचार करायची आणि कशाचाच करायची नाही, आणि झोपताना तिला संगीताचा देवदूत ऐकू यायचा. क्रिस्तीनच्या साऱ्या भ्रमाचं मूळ या गोष्टीत आहे. एरिक तो देवदूत बनूनच तिच्या आयुष्यात शिरतो. आणि तिच्या वाटेत उभी असलेली, ऑपेराची मानाची गायिका कोण? कार्लोटा. लोट हे शार्लोटचं लाडकं रूप, आणि कार्लोटा हे शार्लोटचंच दक्षिणेकडचं रूप. म्हणजे देवदूत जिला भेटतो तीही शार्लोट, आणि भूत जिच्या गळ्यात बेडकाचा आवाज बसवतं तीही शार्लोट. लरूने हे ठरवून केलं का, याचा पुरावा माझ्याकडे काही नाही. पण एकदा दिसल्यावर कार्लोटाची फजिती पहिल्यासारखी विनोदी वाटत नाही. तिच्याकडे तयारीचा गळा आहे, फक्त गोष्ट सांगणारा बाप नाही.

उजव्या पानाने मात्र मला खरं कामाला लावलं. सुरुवातीच्याच प्रकरणात ऑपेरामध्ये एक मोठा समारंभ आहे. जुने व्यवस्थापक निवृत्त होतायत, त्यांच्या निरोपाचा. त्या काळचे नामवंत संगीतकार आपापल्या रचना स्वतः सादर करतायत अशी यादी लरू देतो. इंग्रजी वाचताना ती यादी लग्नपत्रिकेतल्या निमंत्रकांसारखी नजरेखालून सरकते. ऐकायला बसले तेव्हा तिच्यातल्या दोन नावांनी थांबवलं.

पहिलं गूनोचं ‘बाहुलीची अंत्ययात्रा’. अनेकांनी हे ऐकलेलं असतं, फक्त नाव माहीत नसतं. हिचकॉकच्या टीव्ही मालिकेची ओळखीची धून ती हीच. अंत्ययात्रा आहे, पण खांदेकरी मध्येच गप्पा मारायला लागल्यासारखी चाल. दुसरी सँ-साँसची ‘मृत्यूचं नृत्य’, १८७४ ची. मध्यरात्री मृत्यू स्वतः व्हायोलिन वाजवतो आणि थडग्यातले सांगाडे उठून नाचतात, अशी तिची कल्पना. सुरुवातीला हार्पवर एकच स्वर बारा वेळा वाजतो, म्हणजे बाराचे टोले. मग व्हायोलिन शिरतं, आणि अंगावर काटा येतो. का येतो ते शोधलं. व्हायोलिनची सर्वांत वरची तार मुद्दाम अर्धा स्वर उतरवून लावलेली असते. त्यामुळे शेजारच्या दोन मोकळ्या तारा एकत्र छेडल्या की जे अंतर ऐकू येतं ते षड्ज आणि तीव्र मध्यमामधलं. षड्ज-पंचमाची अपेक्षा असलेल्या कानाला पंचम हाताशी येता येता हुकतो. मृत्यूचं वाद्य सुरात आहे, पण त्याचा सूर आपल्या सुराशी जुळत नाही. सांगाड्यांची हाडं वाजतात ती झायलोफोनवर.

आता कादंबरीकडे बघा. हाडाच्या सांगाड्यासारखा दिसणारा, थडग्यांजवळ मध्यरात्री व्हायोलिन वाजवणारा माणूस पुढे येणार आहे. तो एका मुलीला बाहुलीसारखी नाचवणार आहे. आणि हे सगळं पहिल्याच समारंभात, झुंबराच्या उजेडात, टाळ्यांच्या गजरात वाजून गेलेलं असतं. प्रेक्षकांत बसलेल्यांना ते कळत नाही, आणि न ऐकता वाचणाऱ्यालाही नाही.

‘फाउस्ट’वर मी इतर सगळ्यांपेक्षा जास्त वेळ घालवला. गूनोचा हा ऑपेरा १८५९ चा. गोष्ट थोडक्यात अशी: म्हातारा विद्वान फाउस्ट तारुण्यासाठी आपला आत्मा मेफिस्तोफेलिस या सैतानाला विकतो. त्याच्याच मदतीने मार्गरीत या साध्या मुलीला भुलवतो आणि टाकून देतो. ती वेडी होते, पोटच्या पोराला मारते, तुरुंगात पडते. शेवटी फाउस्ट तिला सोडवायला येतो, पण ती त्याला झिडकारून देवदूतांना हाक मारते आणि तिचा आत्मा तरून जातो. कादंबरीतल्या सगळ्या मोठ्या घटना या ऑपेराच्या आगेमागेच घडतात. कार्लोटा आजारी पडल्यावर क्रिस्तीनला पहिली मोठी संधी मिळते ती यातल्या तुरुंगाच्या प्रवेशात. झुंबर कोसळतं ते ‘फाउस्ट’ चालू असताना. ती नाहीशी होते तीही ‘फाउस्ट’मध्येच.

पहिल्या रात्री गाऊन आल्यावर क्रिस्तीन आपल्या खोलीत त्या अदृश्य आवाजाला म्हणते की आज मी तुला माझा आत्मा दिला आणि मी मेले. आवाज उत्तरतो की असली भेट कुठल्या सम्राटालाही मिळाली नसेल, आज देवदूत रडले. फाउस्टची गोष्ट नुकतीच वाचलेली असल्यामुळे मी इथे थबकले. आत्म्याचा व्यवहार तोच आहे, पण बाजू उलटल्या आहेत. तिथे पुरुष आत्मा विकतो आणि मुलगी भरडते. इथे मुलगी स्वतःच आत्मा देऊन बसली आहे, मोबदल्यात मागितलेलं काय, तर गाणं. आणि घेणारा सैतान आहे की देवदूत, हे तिला ठाऊक नाही. दाराबाहेर उभ्या असलेल्या, तिच्यावर जीव जडलेल्या राउलला तर आत प्रियकर आहे एवढंच वाटतं. एका संवादाचे तीन अर्थ, तीन माणसांसाठी.

मग आरसा. एरिक क्रिस्तीनला तिच्या खोलीतल्या फिरत्या आरशामागून तळघरात नेतो, हा कादंबरीतला गाजलेला प्रसंग. आता ‘फाउस्ट’मधलं मार्गरीतचं दागिन्यांचं गाणं ऐका, टिनटिनच्या गोष्टींत ती जाडजूड गायिका उठसूट जे गाते, तेच. त्याची पहिली ओळ अशी आहे की या आरशात मी इतकी सुंदर दिसतेय की मला हसू येतंय. ते दागिने सैतानाने ठेवलेले असतात आणि आरसाही त्या पेटीतच असतो. मुलगी आरशात बघते आणि तिथून तिचा सगळा घात सुरू होतो. लरूने या गाण्याकडे बोट दाखवलेलं नाही. पण हा ऑपेरा त्याच्या वाचकांच्या तोंडपाठ होता. त्यांना आरसा दिसला की हे गाणं आठवलंच असेल.

क्रिस्तीन आरशात शिरते त्या क्षणी मात्र आवाज दुसरंच गात असतो: गूनोच्याच १८६७ च्या ‘रोमिओ आणि ज्युलिएट’मधलं मीलनाच्या रात्रीचं गाणं. लरू त्यातली ओळही देतो, नियतीने तुला माझ्याशी कायमचं बांधलंय अशा अर्थाची. खोलीत पडद्यामागे राउल लपलेला. प्रेमगीत त्याच्या समोर, त्याच्या प्रेयसीसाठी, दुसरंच कुणी गातंय. आणि ते इतकं सुंदर आहे की तोही क्षणभर भारावून जातो. या गाण्यानंतर ज्युलिएटची जागा थडग्यात असते, हे ज्याला माहीत आहे त्याला आरशापलीकडे काय असेल याचा अंदाज आलेला असतो.

कार्लोटाच्या बेडकाचा प्रसंग मी तीनही प्रकारे तपासला: इंग्रजी, फ्रेंच आणि ऑपेराची संहिता. बागेतला प्रवेश. मार्गरीत फाउस्टबरोबर संध्याकाळच्या शांततेत उभी. फ्रेंच ओळ अशी आहे की मी ऐकतेय, आणि माझ्या हृदयात गाणारा तो एकाकी आवाज मला कळतोय. या ओळीवर कार्लोटाच्या गळ्यातून ‘क्वाक’ बाहेर पडतं. सभागृह सुन्न. इंग्रजी अनुवादात इथे ऑपेराचं त्या वेळी रूढ असलेलं इंग्रजी भाषांतर वापरलंय, त्यात धुंद संध्याकाळ आहे, मंत्र आहे, पण तो ‘एकाकी आवाज’ हरवलाय. मूळ ओळीचा टोमणा जबरदस्त आहे. तळघरातला एकाकी आवाज ऐकू येतो, कळतो, असं जी बाई खोटंखोटं गाते, तिच्या तोंडात तो स्वतःच बेडूक बनून येतो. खरा एकाकी आवाज कुणाच्या हृदयात गातो हे त्याला सांगायचंय. त्यानंतर पाच नंबरच्या बॉक्समध्ये व्यवस्थापकांच्या कानाशी कुणीतरी म्हणतं की आज ही अशी गातेय की झुंबर खाली यावं. आणि झुंबर येतं.

झुंबराची गोष्ट हवेतून आलेली नाही. १८९६ च्या मे महिन्यात पॅरिस ऑपेरामध्ये प्रयोग चालू असताना झुंबराच्या यंत्रणेतलं एक वजन खाली कोसळून एका बाईचा जीव गेला होता. लरूने वजनाच्या जागी आख्खं झुंबर पाडलं.

आणि मग तिचं गायब होणं. तुरुंगाचा प्रवेश. मार्गरीत पवित्र, तेजस्वी देवदूतांना आळवतेय की माझा आत्मा स्वर्गात न्या. ही चाल दर आवर्तनाला एक पायरी वर चढते. मार्गरीत, फाउस्ट आणि सैतान या तिघांचे आवाज एकमेकांवर चढत जातात आणि ऐकणाऱ्याचा श्वास वरच अडकतो. मी ते सलग ऐकलं आणि मगच पुढचं पान वाचलं. क्रिस्तीन दोन्ही हात पसरून देवदूतांना हाक मारते, रंगमंचावर अंधार होतो, दिवे परत लागतात तेव्हा ती तिथे नसते. तिने देवदूताला बोलावलं आणि तिचा देवदूत आला. एवढ्या चपखल ठिकाणी अपहरण घडवायला संगीत नुसतं माहीत असून भागत नाही. कुठल्या मात्रेवर दिवे घालवायचे हे कळावं लागतं.

ब्रिटनीतल्या पेरो-गिरेक या गावच्या दफनभूमीतला प्रसंग तसा लहान आहे. बापाच्या थडग्यापाशी मध्यरात्री व्हायोलिनवर ‘लाझारसचं पुनरुत्थान’ वाजतं; क्रिस्तीनचा बाप उदास असला की हेच वाजवायचा. बायबलमध्ये लाझारसला मरून चार दिवस झालेले असतात आणि येशू त्याला हाक मारून थडग्याबाहेर बोलावतो. मुलीला वाटतं, बापाने कबूल केल्याप्रमाणे देवदूत पाठवला. वाजवणारा माणूस मात्र घरी शवपेटीत झोपतो. थडग्यातून बाहेर यायची आस कुणाला आहे, हे त्या सुरांत सांगून झालेलं आहे. आणि त्याला बाहेर बोलावू शकेल अशी एकच व्यक्ती त्या दफनभूमीत उभी आहे. माझी पेन्सिलीची नोंद इथे कामाला आली: तिचं नाव क्रिस्तीन. ताणलेला अर्थ आहे, मान्य. पण शेवटच्या प्रकरणात ती त्याला कपाळाचं चुंबन घेऊ देते, त्याच्यासाठी रडते, आणि आयुष्यात पहिल्यांदा माणसासारखा वागून तो सगळ्यांना सोडून देतो, ते वाचताना हा ताण मला फार वाटला नाही.

तळघरात दोघं ऑथेल्लोमधलं युगुलगीत गातात. एरिकचा काळा मुखवटा बघून तिला तो खराच ऑथेल्लो भासतो. ती डेस्डेमोना, आणि गाता गाताच ती त्याचा मुखवटा ओढते. शेक्सपिअरच्या नाटकात ऑथेल्लो डेस्डेमोनाचा श्वास कोंडून तिला मारतो. एरिकचं हत्यार फास. ज्याने फासाने माणसं मारली त्याच्यासमोर उभं राहून ती गुदमरून मरणाऱ्या बाईचं गाणं म्हणतेय. ती स्वतः सांगते की एवढ्या भीतीने मी कधीच गायले नव्हते आणि म्हणूनच एवढं चांगलं गायले.

त्याची खोली म्हणजे काळ्या कापडाने मढवलेल्या भिंती आणि मधोमध शवपेटी. भिंतींवर मोठ्या अक्षरांत स्वरलिपी, एकच ओळ पुन्हा पुन्हा: ‘डीएस ईरे’, म्हणजे ‘क्रोधाचा दिवस’, मृतांसाठीच्या प्रार्थनेतलं मध्ययुगीन भजन. तिचे पहिले चार स्वर आपल्या पद्धतीने मांडले तर कोमल गंधार, रिषभ, परत कोमल गंधार, षड्ज. पेटीवर वाजवून बघा. एवढंसंच आहे, पण पाश्चात्त्य संगीतात मरण दाखवायचं झालं की पिढ्यान्‌पिढ्या हे चार स्वर आलेले आहेत. गंमत म्हणजे सँ-साँसच्या त्या ‘मृत्यूच्या नृत्यात’ही हीच चाल मध्येच येते, फक्त तिथे ती शुद्ध स्वरांत, नाचाच्या ठेक्यावर, वेशांतर करून येते. वरच्या सभागृहात जी चाल मुखवटा घालून नाचून गेली, तिचा खरा चेहरा चार-पाच मजले खाली भिंतीवर लिहिलेला आहे. हे सापडलं तेव्हा मी रात्री उशिरा एकटीच खोलीत मोठ्याने ‘अरे वा’ म्हणाले होते.

त्याच खोलीत ऑर्गन आहे आणि त्यावर लाल शाईत लिहिलेली वही, ‘विजयी डॉन हुआन’. एरिक वीस वर्षं त्यावर काम करतोय. मोत्सार्टच्या १७८७ च्या ऑपेरात शेवटी दगडी पुतळा स्त्रीलंपट डॉन हुआनला नरकात ओढून नेतो. एरिक म्हणतो, मोत्सार्ट तुला फार तर रडवेल, माझा डॉन हुआन जाळतो, आणि तरीही त्याच्यावर आकाशातली वीज पडत नाही. ज्याच्याकडे आयुष्यात एकाही बाईने सरळ बघितलेलं नाही, तो जगातल्या सर्वांत मोठ्या स्त्रीलंपटाच्या विजयाचं संगीत रचतोय. पुस्तकात मला सर्वांत दयनीय वाटलेलं वाक्य पुढे येतं: ‘विजयी डॉन हुआन’ पूर्ण झालंय, आता मला चारचौघांसारखं जगायचंय. रचना संपल्यावर आपण शवपेटीत शिरून उठायचंच नाही असं ठरवलेला माणूस हे बोलतो. मग तो क्रिस्तीनपुढे निवड ठेवतो, तीही संगीतातच: लग्नाची प्रार्थना की मृतांची? मृतांची काही फार आनंदी नसते, लग्नाची मात्र बहारदार आहे, असं वर सांगतोही.

या सगळ्यात एरिकला चेहरा नाही, नाव उसनं, पण आवाज मात्र कधीच खोटा नाही. तो तळ्याच्या पाण्याखाली पोकळ वेत तोंडात धरून गातो आणि माणसांना भुलवून बुडवतो. तेव्हा युक्ती खोटी, हेतू खुनी, पण गाणं खरंच अद्भुत. लरू आवाजाला इतकं महत्त्व देतो त्यामागेही एक खरी घटना आहे. २४ डिसेंबर १९०७ रोजी पॅरिस ऑपेराच्या तळघरात मोठ्या गायकांच्या ध्वनिमुद्रिका शंभर वर्षांनी उघडायच्या म्हणून बंद करून ठेवल्या गेल्या. कादंबरीत याच कामासाठी खोदताना मजुरांना एक सांगाडा सापडतो. एकीकडे आवाज जपून पुरतायत आणि तिथेच ज्याचा आवाज कुणी मुद्रित केला नाही तो माणूस निघतो.

या कादंबरीवरचं इंग्रजी संगीत नाटक पाहून पुस्तकाकडे येणाऱ्यांना यातलं बरंच नवं वाटेल. १९८६ मध्ये लंडनला आलेल्या त्या नाटकात भुताला एरिक हे नावच नाही, पर्शियन नाही, आणि ‘फाउस्ट’च्या जागी नाटकासाठी रचलेले ऑपेरे आहेत. रंगमंचावर ते चालतं. पण मग देवदूतांना हाक मारताना देवदूतानेच उचलून नेण्याची गंमत जाते, हा माझा आक्षेप.

सगळ्याच नावांना अर्थ चिकटवायला गेलात तर मात्र हाती भुसा येईल. दोन्ही नवे व्यवस्थापक, नर्तकी, दारावरची बाई, यांच्या नावांत मला काहीच सापडलं नाही आणि तिथे काही आहे असं वाटतही नाही. निरोप समारंभाच्या यादीतलंही बरंचसं नुसती रोषणाई आहे. कुणाला असं ऐकत वाचायचं असेल तर आधी ‘मृत्यूचं नृत्य’, मग ‘फाउस्ट’मधलं दागिन्यांचं गाणं, बागेचा प्रवेश आणि तुरुंगातलं तिघांचं गाणं, आणि शेवटी ‘डीएस ईरे’ एवढं पुरे. त्या यादीत मास्नेचं एक हंगेरियन मार्चही आहे. ते शोधण्यात वेळ घालवू नका. लरूने स्वतःच तिथे ‘अप्रकाशित’ असं लिहून ठेवलंय.